चव्वेचाळिसाव्या वर्षी पाण्यात

आमची मुलगी तेरा वर्षांची झाली, त्या उन्हाळ्यात तिनं जेवता जेवता सांगून टाकलं, "मला पोहायला शिकायचंय." तिच्या वडिलांचा घास हातातच राहिला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पुसलेले डबे पुन्हा पुसत उभी राहिले.

तिच्या आधीचा आमचा मुलगा सोळाव्या वर्षी नदीत बुडाला होता. त्याला तेव्हा आठ वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून बादलीत नळाची धार पडली तरी माझी छाती धडधडायला लागायची. बसमधून पंचगंगेचा पूल ओलांडताना मी डोळे मिटून घ्यायची. ब्लाऊज शिवता शिवता मधेच तो दिवस समोर उभा राहायचा, आठवल्यासारखा नाही, आत्ता घडतोय असा.

माझ्या नवऱ्याचं तसं झालं नाही. ते शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. वर्षभर रडले, मग हळूहळू जेवू लागले, झोपू लागले, मित्रांत हसू लागले. मी तोंडानं कधी बोलले नाही, पण मनात धरून ठेवलं होतं की, यांना कमी लागलं.

मुलीच्या त्या मागणीनंतर मला चक्कर यायला लागली, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला. त्यात काहीच निघालं नाही. तेव्हा त्यांनीच मला मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि या दुखण्याला आघातानंतरचा ताण म्हणतात असं सांगितलं.

"मग ते फोटोत का दिसलं नाही?" मी विचारलं.

"असल्या फोटोवरून ते ओळखता येत नाही. मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा एक भाग असतो, आणि आता पुरे म्हणून ती थांबवणारे दुसरे भाग असतात. त्यांची घडण माणसागणिक थोडी वेगळी. त्यातलं काही जन्मतःच येतं, आईवडिलांकडून. काही आयुष्यात जे घडतं त्यानं बदलतं. तुमची घंटा थांबायला वेळ लागतोय, एवढंच. तुम्ही कच्च्या मनाच्या आहात असा त्याचा अर्थ नाही."

मला माझी आई आठवली. तिचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत पडून गेला होता. पुढं जन्मभर ती विहिरीकडं पाठ करून उभी राहायची. पाणी दुसऱ्या कुणीतरी शेंदायचं. म्हणजे हे आमच्या रक्तातच आहे, असं मी बाईंना म्हणाले आणि ज्यासाठी खरं आले होते ते विचारलं. "मग माझ्या पोरीतही हे उतरणार का?"

"तशी घडण थोडीफार आली असेल, नसेलही. ती एका जनुकावर ठरत नाही, शेकडो लहान लहान गोष्टी मिळून ठरते, आणि त्यातलं अर्धं तिच्या वडिलांकडचं आहे. पण पाण्याची भीती काही रक्तातून जात नाही. तिला पोहायचंय म्हणते ना? मग तिला पोहू द्या. तुमचं आपण हळूहळू बघू."

बाहेर बाकावर नवरा बसला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि इतकी वर्षं मनात धरलेलंही सांगून टाकलं.

"मला उलटंच वाटायचं," ते म्हणाले. "एवढ्या लवकर झोप कशी काय लागाय लागली आपल्याला? बाप म्हणून कुठं कमी पडतोय का काय, असं वाटायचं. म्हणून तुझ्यासमोर झोपायचीपण लाज वाटायची."

आम्ही दोघंही रडलो, आणि मग का कोण जाणे, हसायला लागलो. शेजारच्या पेशंटबाई आमच्याकडं बघून जरा सरकून बसल्या. तिथून आम्ही सरळ मिसळ खायला गेलो. मी मिसळीवरचा तिखट कट दोनदा मागून घेतला.

पुढचे कित्येक महिने मी बाईंकडं जात होते. जे टाळत आले होते ते तिथं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं, पुन्हा पुन्हा. घरी नळ सोडून बादलीशेजारी बसायचं, छाती शांत होईपर्यंत. मग पुलावर डोळे उघडे ठेवायचे. तोवर मुलगी पोहण्याच्या तलावात माशासारखी पोहायला लागली होती. मी रोज तिला सोडायला जायची आणि फाटकाबाहेर थांबायची. नंतर आत जाऊन बसायला लागले. आणि एक दिवस बायकांच्या बॅचमध्ये माझंही नाव घातलं.

तिथल्या शिकवणाऱ्या बाई दणकट, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी मी पायऱ्यांवरच अडले, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय वैनी, पाणी खातंय व्हय तुमास्नी? बसा की पायरीवर. आज एवढंच."

पाच दिवस मी नुसती पायरीवर बसले. सहाव्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. छाती धडधडली, पण ही धडधड थांबते हे एव्हाना मला कळलं होतं. पंधरवड्यानं बाई म्हणाल्या, आता उताणं व्हायचं. माझ्याबरोबर पाण्यात उतरलेल्या मुलीनं माझ्या पाठीखाली दोन्ही हात धरले.

"सोडू नगंस," मी म्हणाले.

"न्हाय सोडत, आई."

वर पत्र्याच्या छपरावर पाण्याची चमक हलत होती. कान पाण्यात बुडाले आणि आवाज लांब गेले. मी पुन्हा म्हणाले, सोडू नगंस. उत्तर आलं नाही. मान वळवून बघितलं तर मुलगी चार हात लांब दोन्ही हात वर करून उभी, आणि अख्खी बॅच टाळ्या वाजवत होती. हसण्याच्या भरात मी गटांगळी खाल्ली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर येऊन पुन्हा हसले.

त्या रविवारी घरी तांबडा रस्सा केला होता. जेवताना माझ्या तोंडून आपसूक मुलाची एक गोष्ट निघाली. इतकी वर्षं तो आठवला की आधी नदीच आठवायची. त्या दुपारी मात्र पाचवीतला तो आठवला. वर्गाचा फोटो काढायचा होता त्या सकाळी हा वाटेत म्हशीच्या कट्ट्यावर थांबला, तिथं समोरच पिळून देतात ते धारेचं दूध प्यायला, आणि ओठांवरचा फेस न पुसताच फोटोत जाऊन उभा राहिला.

"म्हणजे मिश्या?" मुलीनं विचारलं. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

"पांढऱ्या, आणि चांगल्या जाड," तिचे वडील म्हणाले. "फोटो बघून मास्तर म्हणाले, ह्यो कुणाचा आजा बसवलाय पोरांत?"

मुलगी उष्ट्या हातानंच फोटो शोधायला उठली. कपाटाच्या वरच्या खणात आहे, असं मी सांगितलं.