अवातिफचा होकार

सुंदुसने नेपाळला जायचं म्हणून सांगितलं तेव्हा अवातिफ भेंडीची देठं काढत बसली होती. कैरोतल्या ओळखीच्या काही मुली मिळून जाणार होत्या. आठवडाभर डोंगरात चालायचं, अंधार पडेल त्या गावात मुक्काम करायचा. सगळं एका दमात सांगून सुंदुस ओट्याला टेकून उभी राहिली, आता होऊन जाऊ दे अशा तयारीने.

"जा," अवातिफ म्हणाली आणि तिने पुढची भेंडी उचलली.

"जा म्हणजे?"

"जा म्हणजे जा. कोथिंबीर आणलीस का?"

सुंदुस तिथेच घुटमळली. भांडणाची तयारी तिने कितीतरी दिवस केली होती, आईच्या एकेका प्रश्नाला उत्तर पाठ करून ठेवलं होतं. आईने एकही प्रश्न विचारला नाही.

नाईलकाठच्या मिन्या शहरातल्या त्यांच्या इमारतीत इंजिनीयरबाईची काळजी ही सगळ्यांच्या गमतीची गोष्ट होती. अवातिफकडे शेतकी कॉलेजची पदवी, आणि तिकडे शेतकी शिकलेल्यालाही इंजिनीयरच म्हणतात, म्हणून ती इंजिनीयरबाई. सरकारी कचेरीत ती बियाणं तपासायची. ओल्या कागदावर पसरलेल्या गव्हाच्या दाण्यांना कोंब फुटतात की नाही हे दिवसभर बघायचं, आणि उरलेल्या वेळात मुलीची काळजी करायची. सुंदुस रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत ती गच्चीच्या कठड्याशी उभी असे. "अगं, पोरगी कॉलेजला चाललीय, लढाईवर नाही," असं नवरा, रिफअत, आतून ओरडायचा.

तो रिफअत हिवाळ्यात गेला. सकाळचा चहा अर्धा राहिला आणि छातीतली कळ शेवटचीच ठरली. गावाकडून बायका आल्या, त्यांनी हंबरडे फोडले, गाल बडवले. अवातिफ मांडवात खुर्च्या पुरतात का ते बघत होती. नणंद झीनात तेव्हा चारचौघींत बोलली, "नाव अवातिफ, म्हणजे भावना. आणि डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही!"

अवातिफलाही ते कळत होतं. अंगाखाली दबलेला हात जसा आपला वाटत नाही, तशी ती आतून झाली होती. स्वयंपाक होत होता, कचेरी होत होती, काळे कपडे धुऊन वाळत होते. हात आज ना उद्या जागा होईल म्हणून तिने थोडे दिवस वाट पाहिली. मग तेही सोडून दिलं.

सुंदुसने सराव सुरू केला. मिन्यात चढण कुठून आणायची? पाठीवरच्या पिशवीत तांदूळ आणि मसूर भरून ती इमारतीचा जिना चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. रखवालदार बखीतकाकाने अवातिफला दारात गाठलं.

"इंजिनीयरबाई, पोरीला सांगा लिफ्ट दुरुस्त झाली म्हणून. रोज डाळ घेऊन वर जाते आणि तशीच खाली आणते. कुणी घेत नसेल तर मी घेतो म्हणावं."

पूर्वीची अवातिफ यावर अर्धा तास बोलली असती. "सांगते," एवढंच म्हणून ती आत गेली.

नेपाळची बातमी झीनातच्या कानावर गेली आणि ती तडक येऊन बसली. या सपाट मुलखात डोंगर असा कुणी पाहिलेला नाही. शेतं संपली की नदीपलीकडे उजाड पिवळा कडा लागतो, त्याला जबल म्हणतात. जबल म्हणजे डोंगरच, पण गावाची कबरस्तानं त्याच्याच पायथ्याशी. जबलला जायचं ते एकदाच, आणि लोकांच्या खांद्यावरून.

"बापाला जबलला पोचवून वर्ष झालं नाही," झीनात म्हणाली, "आणि पोरगी आपल्या पायांनी जबलला निघाली!"

"तो जबल वेगळा, आत्या. बर्फाचा."

"बर्फ माझ्या फ्रीजरमध्येही आहे. ये घरी, फुकट दाखवते." मग ती अवातिफकडे वळली. "तू तोंड उघडणार आहेस का, बाई?"

"चहात साखर किती घालू?" अवातिफने विचारलं.

सुंदुसला हसू आलं. आईच्या चेहऱ्याकडे बघताच ते मावळलं.

आत्या गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. "आई, एकदा तरी नाही म्हण ना."

"का? तुला जायचंय ना?"

"जायचंय."

"मग?"

"मग काही नाही." सुंदुसने पेले उचलले आणि नळ उगाचच मोठा सोडला. "मी गेले काय, राहिले काय, तुला सारखंच आहे."

अवातिफने हात पुढे करून नळ बारीक केला.

नव्या बुटांना दगडाची सवय व्हायला हवी होती. त्या भागात दगडाची चढण एकच, कबरींच्या मागची. तिथे एकटी मुलगी फिरली तर लोकांच्या जिभा सुटतात, म्हणून शुक्रवारी अवातिफ बरोबर निघाली. लाँचने दोघी नदीपलीकडे गेल्या. रिफअतच्या कबरीपाशी तिने रिवाजाप्रमाणे गोरगरिबांना गोड पाव आणि खजूर वाटले, मग सावलीत बसली. सुंदुस पिशवी पाठीला लावून चढू लागली. तिचा निळा शर्ट लहान होत गेला आणि कड्याच्या माथ्यावरून पलीकडे नाहीसा झाला.

अवातिफ बसून राहिली. सावली तिच्या पायांवरून सरकली. वरून थोडे खडे घरंगळत आले आणि थांबले. निळा शर्ट काही दिसेना.

पोटात काहीतरी हललं. आधी तिला वाटलं, भूक लागली असेल. ते वर छातीत आलं तेव्हा ती उठली.

"तिकडे कुठे, बाई?" कबरी राखणारा म्हातारा ओरडला. "तिकडे कोल्ह्यांशिवाय काही नाही!"

ती साध्या चपलांनीच चढली, पुढे पुढे तर हात टेकून. "सुंदुस!" तिने हाक मारली. माथ्यावर पोचली तेव्हा तिच्या काळ्या झग्याचा काठ फाटला होता. पलीकडे एका खडकावर बूट काढून सुंदुस टाचेवरचा फोड न्याहाळत होती.

"आई? तू वर कशी आलीस?"

"नाही जायचं," अवातिफ म्हणाली.

"काय?"

"नेपाळला. नाही जायचं. या टेकाडावर फोड येतात, आणि निघाली हिमालयात."

सुंदुसने घाईघाईने मोजे चढवले. "आता तिकीट काढलंय!"

"फाडून टाक."

"ते फोनमध्ये असतं, आई."

"मग फोन फोड."

लाँच सुटली तोवर अवातिफच्या छातीतलं ते ओसरू लागलं होतं. ओळखीची बधिरता परत येत होती, आणि तिच्यात आराम होता. पुन्हा 'जा' म्हणावं, म्हणजे सगळं शांत. पण काळजी करत मुलीला पाठवलं तर हे छातीतलं रोज येऊन बसणार, हे तिला आता कळलं होतं. तिने नदीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"चालताना कुणी मागे पडलं तर?"

"सगळ्यात शेवटी एक वाटाड्या असतो."

"त्याचं नाव काय?"

"मला काय माहीत!"

"विचार. नाव कळल्याशिवाय जायचं नाही."

शेजारी बदकांची टोपली घेऊन बसलेली बाई मध्ये पडली. "विचार गं पोरी. आई काय वाईट सांगते?"

"विचारते, विचारते," सुंदुस म्हणाली आणि त्यांच्याकडे पाठ करून टाइप करू लागली. थोड्या वेळाने कैरोतल्या मैत्रिणींकडून उत्तर आलं. तिने नाव वाचून दाखवलं. अवातिफने ते दोनदा म्हणून पाहिलं, जीभ काही वळेना.

"लग्न झालंय का त्याचं? मुलंबाळं?"

"आई!"

"मुलंबाळं असलेला माणूस मागे वळून बघतो. विचार."

सुंदुसने नाक ओढलं, डोळे पुसले आणि पुन्हा टाइप करायला घेतलं.