आयत्याचं ओझं

माझ्या साडूंइतका घाबरलेला माणूस मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा नसेल, आणि असलाच तर तो यांच्याकडे बघून धीर धरत असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला मास्तर म्हणतात, कारण मी श्रीवर्धनला शाळेत चित्रकला शिकवतो. भाऊंना चोराची, भुताची किंवा समुद्राची भीती वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती आपल्या हातून काहीतरी चुकेल याची. त्यामुळे कुठलीही गोष्ट करण्यापूर्वी ती आधी दुसऱ्या कुणी करून ठेवली आहे का, हे ते शोधत बसतात. "कुणीतरी ती केलेलीच असते, मास्तर. केली असेल, चुकला असेल, सुधारली असेल. मग मी कशाला नव्यानं ठेच खाऊ?" असं ते इतक्या कळवळून विचारतात की आपल्यालाच ठेच लागल्यासारखं वाटतं.

ते पोहे करतात तेव्हा एकाच वेळी तिघाचौघांचे व्हिडिओ लावतात आणि कुणाचंच मन मोडत नाहीत. त्यामुळे त्यांच्या पोह्यात शेंगदाणे, मटार, बटाटा, खोबरं, शेव, डाळिंबाचे दाणे हे सगळं असतं आणि पोह्यांना जागा उरत नाही. एकदा मे महिन्यात आम्ही दोन्ही कुटुंबं हरिहरेश्वराला गेलो. सकाळी जाऊन दुपारी परत यायचं होतं. भाऊंनी प्रवासाला काय न्यावं याच्या लोकांनी केलेल्या याद्या मोबाईलवर शोधल्या आणि सगळ्या एकत्र केल्या. गाडीतून दोर निघाला, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या निघाल्या, शिट्टी निघाली आणि शेवटी एक लोकरीची कानटोपी निघाली. मी म्हटलं, "भाऊ, ही तरी घरी ठेवायची." त्यांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "त्या माणसानं ती का लिहिली असेल ते आपल्याला ठाऊक आहे का? नाही ना? ठाऊक नसताना काढू कशी?" हे सामान उतरवून, मोजून, पुन्हा गाडीत भरेपर्यंत ओहोटी संपली, देवळामागची खडकांवरची प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली गेली, आणि आम्ही लांबूनच हात जोडून घरी आलो.

असा माणूस संगणकाच्या धंद्यात पडला हे त्याचं भाग्य म्हणावं की आपलं दुर्भाग्य, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नवी मुंबईतल्या एका कंपनीत भाऊ बरीच वर्षं मोबाईलवरचे गेम बनवत होते. ती कंपनी बंद झाली आणि ते श्रीवर्धनला घरी परतले. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पर्यटकांसाठी घरगुती खानावळ चालवते. तिच्या माशाच्या आमटीवर घर चालेल, पण किती दिवस, ही काळजी भाऊंच्या चेहऱ्यावर बसलेली असे. मग त्यांनी ठरवलं की स्वतःचा गेम काढायचा. कल्पना साधी आणि फार छान होती. आमच्याकडे सुपारी उतरवणारा गडी एका झाडावर चढतो, शेंड्याजवळ जाऊन झाड झुलवतो आणि खाली न उतरता पुढचं झाड पकडतो. गेममध्ये बोटानं झाड झुलवायचं, नेमक्या क्षणी सोडायचं, आणि सुपारीच्या वाडीच्या, म्हणजे बागेच्या, टोकापर्यंत जायचं. चित्रं मी काढली. त्याच आठवड्यात वाऱ्यानं इंटरनेटची तार तुटली होती, त्यामुळे आयतं काही आणायची सोय नव्हती. भाऊंनी नाइलाजानं सगळा कोड हातानं लिहिला. लिहिताना ते सारखं "हे तात्पुरतं आहे हं" असं मला, ताईला आणि एकदा मांजरालाही सांगत होते. तो गेम त्यांनी आमच्या सासूबाईंच्या फोनवर घालून दिला. सासूबाई जवळच्याच गावात एकट्या राहतात. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा संध्याकाळी घेतला.

तार जोडली गेली आणि भाऊंची काळजी कामाला लागली. त्यांनी आधी एक फ्रेमवर्क आणलं. फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा, आपण त्यावर फक्त कपडे चढवायचे, असं त्यांनी मला समजावलं. पण तो सांगाडा एका गड्याचा नव्हता, अख्ख्या फौजेचा होता. त्यात युद्ध होतं, मोटारींच्या शर्यती होत्या, पाण्यावरचा प्रकाश होता. सुपारी खाली पडावी आणि झाड झुलावं म्हणून त्यांनी आणखी एक आयता भाग जोडला. तो स्फोटात उडालेल्या विटांचाही हिशेब करू शकत असे. मी भीतभीत विचारलं, "भाऊ, सुपारी सरळ खालीच पडते ना?"

"पडते."

"मग?"

"उद्या कुणी म्हणालं, तिरकी पाडा, तर?"

उद्या कुणी अरबी भाषेत खेळलं तर, हजार जण एकदम आले तर, खेळणाऱ्यांना आपसात गप्पा मारायच्या असल्या तर, अशा प्रत्येक 'तर'साठी एक आयता भाग आला. त्या प्रत्येक भागाला स्वतःची आणखी पिलावळ होती. मग रोज कुणा ना कुणाचं अपडेट यायचं आणि एकाचं नवं झालं की दुसऱ्याचं त्याच्याशी पटायचं नाही. भाऊ सकाळी दात घासताना सुद्धा फोन समोर धरून, रात्रीत काय मोडलं ते बघत असत. यातला कुठला भाग नेमकं काय करतो हे त्यांना धड सांगता येत नव्हतं, आणि म्हणूनच त्यातला एकही काढायची त्यांची छाती नव्हती. त्यांचं वजन उतरत गेलं आणि गेमचं वाढत गेलं. हळूहळू त्यांची ती धडधड मलाही लागली. वर्गात पोरं रंगवत असताना मी खिडकीतून बाहेर बघे आणि मनात येई, अपडेट आलं असेल का?

एका गोष्टीचा मात्र त्यांना आधार होता. ते रोज संध्याकाळी सासूबाईंना फोन करत. "आई, चालतंय ना?" पलीकडून उत्तर येई, "चालतंय वो, झ्याक चालतंय. आज पार टोकापर्यंत गेले." त्या एवढ्याशा वाक्यावर भाऊ रात्रीचं जेवण करत. सासूबाईंच्या साध्या फोनवर चालतंय, म्हणजे कुठंही चालेल, असा त्यांचा हिशेब होता. मुंबईतली एक कंपनी गावाकडच्या लोकांसाठी, स्वस्तातल्या फोनवर चालणारे गेम शोधत होती. तिला भाऊंनी हेच सांगितलं. त्या कंपनीतल्या एक बाई सुट्टीला म्हणून हरिहरेश्वराला येणार होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनाच खेळताना बघते ना. येते मी घरी." भाऊंनी हो म्हटलं, फोन ठेवला आणि ओटीवर बसून राहिले. ताईनं त्यांना लिंबू सरबत दिलं. ते त्यांनी दोनदा ढवळलं आणि परत दिलं.

त्या दिवशी सासूबाईंनी अंगण सारवलं होतं आणि ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. बाई आल्या, तरुण होत्या, बोलायला मोकळ्या होत्या. चहा झाला. भाऊ म्हणाले, "आई, जरा गेम दाखवा यांना." टेबलावर सासूबाईंचा नेहमीचा, ताईनं मध्यंतरी घेऊन दिलेला फोन होता, ज्यावर भाऊ दर वेळी येऊन स्वतः गेमची नवी आवृत्ती घालून जात. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आत गेल्या आणि फडताळातून दुसराच, काच तडकलेला जुना फोन घेऊन आल्या.

"हा कुठला?" भाऊंनी विचारलं.

"ह्यो माझा जुना. तुमी पैला गेम घातलेला, त्योच. त्यात शिमकारड न्हाय, खेळायला ठेवलाय."

"आणि या फोनवरचा?"

सासूबाई पदराशी चाळा करू लागल्या. जावयाला तोंडावर कसं सांगावं हे त्यांना कळेना. शेवटी खाली बघत म्हणाल्या, "त्यो उगडायला भात शिजंपर्यंत वेळ लागं. मंग फोनच वाजंना. तुमी घालून गेलात की शेजारची सून काडून टाकती. तुमी रोज इचारायचा चालतंय का, तर ह्यो चालतोयच की. मी खोटं न्हाय बोलले, जावईबापू."

भाऊंचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. त्यांच्या कितीतरी महिन्यांच्या कामाला जे उत्तर मिळत होतं, ते या कामाचं नव्हतंच. बाईंनी मात्र हात पुढे करून तो जुना फोन घेतला आणि खेळायला लागल्या. पहिल्यांदा पडल्या, दुसऱ्यांदा पडल्या, मग झाड कसं झुलतं ते बोटाला समजलं. सासूबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून "आता सोड, आता" असं सांगत होत्या. बाहेर ड्रायव्हरनं गाडी सुरू करून बंद केली तरी बाई उठल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, "सर, मला हाच पाहिजे. हा कुठलं फ्रेमवर्क वापरून केलाय?"

"कुठलंच नाही," भाऊ चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले. "तो मी स्वतःच लिहिला होता. तात्पुरता."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. जुन्या फोनमधल्या गेममधून मूळ कोड परत काढता येत नव्हता, आणि भाऊंनी त्या पहिल्या कोडवर इतके थर चढवले होते की तो आता वेगळा सापडत नव्हता, म्हणून एकेक आयता भाग काढत मागे जायचं ठरलं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आजाऱ्याजवळ बसतात तसा मी बसलो. पहिला भाग काढला आणि आम्ही दोघं श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिलो. काहीच झालं नाही, गेम आपला चालू. भाऊ पांढरे पडले. "काही झालं नाही, मास्तर. मग हा इतके दिवस करत काय होता?" दुसरा, बिनकामाचा वाटलेला भाग काढला तर सगळाच गेम बंद पडला आणि ताईला खानावळीतून पळत यावं लागलं, कारण भाऊंनी "गेलं" असं ज्या आवाजात म्हटलं, तो माणूस गेल्याचा आवाज होता. स्फोटांचा हिशेब करणारा तो भाग काढल्यावर झाडं काठीसारखी ताठ उभी राहिली. झाड झुलवायचं कसं, हे आता भाऊंनाच लिहायचं होतं. ते दुपारभर शेजारच्या वाडीत मान वर करून उभे राहत. घरी येऊन एक ओळ लिहीत, खोडत, पुन्हा वाडीत जात. मानेला पट्टा लागला. पण एके दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि झाड झुललं. शेंडा आधी गेला, खोड मागून आलं, अगदी खरं. भाऊ हसले नाहीत, फक्त म्हणाले, "बघा बरं, नीट आहे का?"

गेम पुन्हा लहान झाला, सासूबाईंच्या दोन्ही फोनवर पटकन उघडायला लागला. तोवर मुंबईच्या त्या बाई कंपनी सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागेवरच्या गृहस्थांनी गेम न उघडताच सांगितलं, "आमचं स्वतःचं फ्रेमवर्क आहे, जाहिराती आणि गप्पांसकट. त्यात बसवून द्या, मग बघू." भाऊ फोन कानाशी धरून उभे होते. ताई कोलंबी सोलायची थांबली. भाऊ हो म्हणणार हे आम्हाला ठाऊक होतं, कारण कुणाला नाही म्हणताना आम्ही त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. ते म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

गेम त्यांनी स्वतःच लोकांसाठी खुला केला. घेतला थोड्यांनीच, बहुतेक आपल्याच भागातल्या लोकांनी. पुढे एक दिवस आखातात काम करणाऱ्या श्रीवर्धनच्याच एका मुसलमान गृहस्थांचा आवाजी निरोप आला. "भाऊसाहेब, जुन्या फोनवर चालतो, शुक्रिया. सुट्टीत तोच खेळतो, वाडीची याद येते. फक्त शेवटच्या झाडावरून गडी कधी कधी जमिनीच्या आत जातो, ते बघा." मला वाटलं, संपलं, आता भाऊ आठवडाभर जेवणार नाहीत. भाऊ तसेच, बनियनवरच माझ्याकडे आले. त्यांनी मला कोडमधली एक ओळ दाखवली. "ही बघा. इथं चुकलंय. मीच लिहिली होती ही, मास्तर." त्या संध्याकाळी त्यांनी ती ओळ सुधारली आणि ताईनं वाढलेलं सगळं जेवले.

पण तेवढ्यानं घर चालत नाही. पावसाळ्यात पर्यटक नसतात, खानावळ बंद असते, मुलीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. भाऊ पुण्याला एका मोठ्या गेम कंपनीत लागले. तिथं त्यांना तयार भाग एकमेकांना जोडायचं काम आहे, आणि त्यात ते पहिल्यापासूनच वाकबगार. पगार चांगला आहे, ताई खूश आहे, आमचीही काळजी मिटली. रविवारी त्यांचा फोन येतो. ते सासूबाईंची चौकशी करतात, वाडीत सुपारी कशी धरली आहे ते विचारतात. परवा मी म्हटलं, "मग भाऊ, तिकडे सगळं बरं ना? काही टेन्शन नाही ना?"

"नाही हो," ते म्हणाले. "इथं माझ्या हातून चुकण्यासारखं काही नाहीच, मास्तर."