खंड्या कामून चावला?

परभणीहून गंगाखेड रोडला निघालं की घरं विरळ होत जातात आणि ज्वारीची रानं लागायच्या आधी बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं लांबलचक गोदाम दिसतं. आत चाळीसेक कुत्री, सात-आठ मांजरं आणि अधूनमधून एखादं जखमी वासरू असतं. पाटीवर ‘प्राणी निवारा केंद्र’ असं लिहिलंय, पण रिक्षावाले त्याला कुत्र्याचं होस्टेल म्हणतात. कुत्र्यांचा स्वयंपाक करायला तिथं बाई पाहिजे असं कानावर आलं, तेव्हा नर्मदाबाईंना अठ्ठावन्नावं लागलं होतं.

अठरा वर्षं त्यांनी शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवली होती. मग पट कमी झाला, शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली आणि तिथली चूल थंड पडली. घरी बसून आराम करायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं.

“कुत्र्याचा सैपाक?” लेकानं कपाळाला हात लावला. “आई, कुत्रं दिसलं तर तू गल्ली बदलतीस!”

“म्हणून तर जायलेय,” नर्मदाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या.

त्यांच्या या बोलण्याचा उलगडा व्हायला बोरीत जावं लागतं, आणि तेही एकोणपन्नास वर्षं मागं. नर्मदा तेव्हा नऊ वर्षांची होती. शेजारी सरजाबाई आणि रंगनाथ हे नवं जोडपं राहायचं. त्यांचं एक तांबूस कुत्रं होतं, खंड्या. पुढचा एक पाय पांढरा, जसा काही दुधात बुडवलेला. नर्मदा त्याला रोज सकाळी चतकोर भाकर घालायची आणि तो तिच्या हातून अलगद घ्यायचा. एका सकाळी मात्र तो तिला कडकडून चावला. आणि नवल असं की भाकर होती उजव्या हातात आणि दात रुतले डाव्या मनगटात.

त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया घ्याव्या लागायच्या. बाप पहाटे तिला खांद्यावर टाकून एसटीनं परभणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचा, असं चौदा दिवस चाललं. पहिल्याच दिवशी तो काठी घेऊन शेजारच्या दारात गेला होता. सरजाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, “धन्यानं मारलं त्याला. वढ्यात टाकून आले.” तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं खुंटलं.

नर्मदाच्या डोक्यातून मात्र एक सवाल जाईना. खंड्या कामून चावला? आईला विचारलं तर ती म्हणायची, “कुत्रंच ते.” आजी म्हणायची, “तुझ्या नशिबात व्हतं.” मास्तर म्हणाले, “पिसाळलं असंल.” लग्न झाल्यावर नवऱ्याला विचारलं तर तो हसला. वर एक बोचणी होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. आपल्यामुळं एक कुत्रं जिवानिशी गेलं, असं तिला वाटत राहिलं.

निवाऱ्याचं काम डॉक्टर अनुपमा बघायच्या. गंगाखेडच्या लिंगायत व्यापाऱ्याची ही मुलगी, जनावरांची डॉक्टर. कपाळावर भस्माचं बारीक बोट आणि पायात कायम गमबूट. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मावशी, कुत्र्यांची भीती वाटते का?”

“वाटती की.”

“मग इथं कशाला आलात?”

नर्मदाबाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “तुमी शिकलेल्या. आता तुमीच सांगा, कामून चावलं असंल?”

अनुपमा हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “चावायच्या आधी ते काय करत होतं? आणि तुम्ही काय करत होता?”

उलट सवाल कुणी इतक्या वर्षांत केला नव्हता. नर्मदाबाई आठवू लागल्या, पण भाकर आणि दात यांच्या मधलं काही म्हणता काही डोळ्यांपुढं येईना.

“राहू द्या,” अनुपमा म्हणाल्या. “इथं रोज बघत जा. जे दिसेल ते मला सांगायचं.”

आता नर्मदाबाईंसारख्या बाईला असं सांगणं म्हणजे पोराच्या हाती गुळाची ढेप देणं. तांदूळ, लाल भोपळा, हळद आणि हाडं काढलेली कोंबडी असं पातेलं चुलीवर चढलं की त्या जाळीशी जाऊन उभ्या राहायच्या. सुरुवातीला चार हात लांबून. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं कांद्याची फोडणी द्यायला घेतली, तर अनुपमा धावत आल्या. कांद्यानं म्हणे कुत्र्याचं रक्त खराब होतं. नर्मदाबाई दिवसभर त्याच विचारात. सबंध मराठवाडा भाकरी-कांद्यावर जगला आणि याच जातीला कांदा बाधतो?

बघता बघता त्यांना बरंच उमगलं. शेपूट हलवणारं प्रत्येक कुत्रं खुशीत असतं असं नाही; ताठ शेपूट सावकाश हलली तर आपण मागं सरावं. झोप आली नसतानाही कुत्रं जांभई देतं, घाबरलं म्हणून. भूक नसली तरी ओठ चाटतं. हे सगळं त्या संध्याकाळी डॉक्टरांना सांगायच्या आणि अनुपमा मान डोलवायच्या. “बरोबर, पुस्तकात असंच आहे,” असं त्या म्हणाल्या की नर्मदाबाईंना हसू यायचं. पुस्तकात होतं तर आधी कुणी सांगितलं कसं नाही?

मागच्या भिंतीला एक वेगळा पिंजरा होता. कुणाला चावलेलं कुत्रं आणलं की ते तिथं ठेवत.

“ह्येला एकट्याला कामून?” तिथल्या कुत्र्याकडं बघत नर्मदाबाईंनी विचारलं.

“दहा दिवस बघायचं. चावल्यावर दहा दिवस कुत्रं जिवंत आणि धड राहिलं, तर चावताना त्याला रेबीज नव्हता असं समजायचं. माणसानं मात्र थांबायचं नाही, लगेच इंजेक्शन घ्यायचं. आता दंडात देतात, चार-पाच पुरतात.”

“आमच्या येळंला चौदा. पोटात.”

“तेव्हाही कुत्रं धड राहिलं तर उरलेल्या सुया बंद करायचे.”

“आमचं कुत्रं तर मारलं व्हतं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “बघणार कुणाला?”

दिवाळीच्या सुट्टीत निवाऱ्यात पाहुणे असतात. लोक गावाला जाताना आपापली कुत्री आठ-पंधरा दिवस ठेवून जातात. आंघोळ, नखं, लस सगळं इथंच होतं. त्या वर्षी कल्याणराव नावाच्या हार्डवेअरवाल्यांनी आपला लॅब्रॅडोर ठेवला. रॉकी त्याचं नाव. लोण्यासारखं गरीब जनावर, असं तेच सांगून गेले.

नर्मदाबाईंना दुसऱ्याच दिवशी खटकलं. जेवताना रॉकी मान एका अंगाला कलती ठेवायचा. मधेच खाणं थांबवून डोकं असं झाडायचा की कान फटफट वाजायचे. कधी कान जमिनीला घासत पुढं सरकायचा. संध्याकाळी डॉक्टरांना सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलं, पण त्याआधीच घोटाळा झाला. पिंजरे धुणारा भागवत, पन्नाशीचा माणूस, कुत्र्यांत आयुष्य काढलेला. तो रॉकीला बाहेर काढायला गेला आणि लाडानं त्यानं त्याचा कान चोळला. क्षणात रॉकीनं त्याचा पंजा धरला. भागवत ओरडला. रॉकीनं लगेच सोडलं आणि तो कोपऱ्यात अंग चोरून बसला. चावला भागवतला आणि थरथरत होता तो स्वतः.

हात साबणानं धुवून भागवत दवाखान्यात गेला. अनुपमांनी रॉकीच्या तोंडाला पट्टी बांधली आणि बॅटरी घेऊन कान उलटा केला. आतून आंबलेल्या पिठासारखा वास आला.

“केवढा ठणका असेल! बघा मावशी, कान आतून नुसता सडलाय. इथं कुणीही हात लावला असता तरी तो चावलाच असता.”

 नर्मदाबाई पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांना त्यांचा डावा हात आठवला. उजव्या हातानं भाकर पुढं केली होती. खंड्यानं ती घेतली नाही, मान कलती करून तो नुसता उभा राहिला. मग नऊ वर्षांच्या नर्मदानं, “काय झालं रं, खाईनास?” असं म्हणत डाव्या हातानं त्याच्या कानामागं खाजवलं होतं.

त्या रविवारी त्यांनी बोरीची एसटी धरली.

सरजाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. रंगनाथ जाऊन सहा वर्षं झालेली. ओसरीवर सुपात मटकी घेऊन त्या खडे निवडत होत्या. नर्मदाबाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी कपाळावर हात आडवा धरून पाहिलं.

“कोण? नर्मदा का?”

“व्हय, काकू. खंड्याचं इचारायला आले.”

सरजाबाईंचा हात सुपातच राहिला. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणी काय सांगंल? मी त्याच्या कानाचं इचारायलेय. काय झालं व्हतं कानाला?”

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. 

“गोचीड भरले व्हते. लय बेजार झालं व्हतं ते. लोक म्हणले, रॉकेल ओत, गोचीड मरतेत. त्या दिवशी सकाळीच मी ओतलं. असं केकाटलं, माय! अन् घटकाभरात तू आलीस, भाकर घिऊन.”

नर्मदाबाई ओसरीच्या कडेला टेकल्या. “मंग तवाच बोलल्या कामून न्हाईत?”

“काय बोलू? तुझा बाप काठी घिऊन दारात.”

“खरं हाय. अन् सांगून तरी काय व्हतं? कुत्रं तर मेलंच व्हतं.”

“मेलं न्हाई, नर्मदे.”

सरजाबाई मग थांबल्या नाहीत. रंगनाथनं त्याच दिवशी खंड्याला पोत्यात घातलं, बैलगाडीत कडब्याखाली दडवलं आणि चारठाण्याला बहिणीच्या शेतावर नेऊन सोडलं. गावात उठवून दिलं, मारलं म्हणून. पुढं तिकडून निरोप आला, कुत्रं चांगलं हाय, खाऊन-पिऊन हाय. इकडं दवाखान्यातले डॉक्टर नर्मदाच्या बापाला सांगत होते, कुत्रं दहा दिवस धड दिसलं असतं तर सुया बंद केल्या असत्या. बाप ते पारावर बोलून दाखवायचा.

“धन्याला म्हणले, सांगू या का? धनी म्हणला, गप. कुत्रं बी जाईल अन् इज्जत बी. तुझा बाप पहाटं तुला खांद्यावर टाकून निघायचा, तवा मी दाराआड उभी. अकरावा दिवस गेला, बारावा, तेरावा, चौदावा. शेवटच्या चार सुया माझ्यामुळं बसल्या तुला.”

त्या चार सुया नर्मदाबाईंना अजून आठवत होत्या. पोट दगडासारखं कडक झालेलं असायचं आणि सुई आत जाताना बाप तिच्या डोळ्यांवर हात ठेवायचा. छातीत संताप दाटून आला. आणि त्याच वेळी, त्या संतापाच्या शेजारीच, चारठाण्याच्या एका शेतात तांबूस कुत्रं उन्हात पाय ताणून पडलेलं त्यांना दिसू लागलं. आधी काय बोलावं? तोंडातून भलतंच आलं.

“तिथं काय खायचं ते?”

सरजाबाईंनी चमकून वर पाहिलं. “ताक-भाकर. नणंदंनं लय लाडावलं व्हतं.”

“अन् कान?”

“बरा झाला. पर त्या अंगानं ऐकू यायचं न्हाई.”

“किती दिवस जगला?”

“नऊ वर्सं.”

“परत कुणाला चावला?”

“कदीच न्हाई.” म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. “रागावलीस का, माय?”

“व्हय,” नर्मदाबाई म्हणाल्या. “रागावले.”

पण त्या उठल्या नाहीत. सरजाबाई आत गेल्या, चहा ठेवला, दोघी समोरासमोर बसून प्यायल्या. पाचाच्या गाडीला अजून वेळ होता. नर्मदाबाईंनी सूप ओढून घेतलं आणि उरलेली मटकी निवडून दिली.

रॉकी बारा दिवसांत बरा झाला. कल्याणराव न्यायला आले तेव्हा कानात औषध कसं घालायचं ते त्यांना नर्मदाबाईंनीच दाखवलं. भागवतची इंजेक्शनं पुरी झाली, तरी कान चोळायची त्याची खोड काही गेली नाही; आता फक्त आधी तो नर्मदाबाईंकडं बघतो.

अनुपमांनी त्यांना एक नवं काम दिलंय. दारात नवं जनावर आलं की पहिला तासभर नर्मदाबाईंनी त्याच्यासमोर बसायचं, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मग डॉक्टर तपासतात. पातेलं आता दुसरी बाई ढवळते, पण फोडणीजवळ नर्मदाबाईंची एक नजर असतेच. बोरीहून महिन्या-पंधरा दिवसांनी सरजाबाईंचा फोन येतो. कुणाचं तरी कुत्रं लंगडायलंय, कुणाची म्हैस चारा सोडून बसलीय. म्हशीचं मला काय मालूम, असं म्हणत नर्मदाबाई अर्धा तास विचारपूस करतात आणि शेवटी दवाखान्यात न्या म्हणून सांगतात.

परवा लग्नाच्या वरातीतली एक पांढरी घोडी टेम्पोतून आणली. बँडवाल्यांनी सांगितलं, डावीकडून कुणाला जवळ येऊ देत नाही, दोघांना लाथा घातल्या. अंगावर झूल तशीच, कपाळावर आरशांचा गोंडा.

“मावशी, घोडी कधी बघितलीय का?” अनुपमांनी विचारलं.

“वरातीत. लांबून,” नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल उचललं, घोडीच्या लाथेच्या टप्प्याबाहेर नीट मांडलं आणि तिच्या डाव्या बाजूला, जरा अंतरावर, बघत बसल्या.