लामाला उत्तर

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, दोन देशांची मैत्री एकदा झाशी छावणीत उपाशी उभी होती. चार पाय, लांब मान, पापण्या एखाद्या नटीसारख्या. मी तिचा गार्ड कमांडर होतो.

राजांनी राजांना हत्ती, जिराफ, चित्ते नजर करायची रीत जुनी. पुढे त्यांना चारा कोणी घातला, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

संयुक्त सराव संपला आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाच्या जनरलने आमच्या डिव्हिजनला लामा, म्हणजे उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी, भेट दिला. आमचे सुभेदार मेजर साहेब शिस्तीचे कडक. ऑर्डर निघाली : पाहुणा बुजेल, शेडजवळ कोणी तोंड उघडायचं नाही. जवान पुतळ्यासारखे उभे. लामा मात्र भिंतीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घाली, नाकातून ‘म्म्म’ करी, कान टवकारून थांबे, पुन्हा चालू लागे. चारा तसाच.

रविवारी त्यांचे राजदूत त्याला बघायला येणार होते. शनिवारी लामाचे पाय लटपटू लागले. व्हेटर्नरी डॉक्टर म्हणाले, “आज खाल्लं नाही तर कठीण आहे.” छावणीबाहेर नगरा वस्तीत घरी जेवायला गेलो, तर घास उतरेना. बायको म्हणाली, “तुम्हालाही राजदूत बघायला येणार आहेत का?”

दुपारी गार्ड बदलला. नाईक रामसेवक आला. बुंदेली गडी, ड्यूटीवर गुणगुणतो म्हणून शिक्षा खाल्लेला. लामाने ‘म्म्म’ केलं. रामसेवकनेही सवयीने ‘म्म्म’ केलं. लामा थबकला. मग त्याने चाऱ्यात तोंड घातलं.

मी वॉकीटॉकीवर सुभेदार मेजर साहेबांना गाठलं. “साहब, मेहमान खा रहा है. ओव्हर.”

“किसके हुकुम से?”

“रामसेवक से गपशप कर रहा है, साहब.”

रविवारी हे ऐकून राजदूत खूप हसले. म्हणाले, हे प्राणी आपसात असेच बोलतात. एकटं पडलं की उत्तर मागतात.

पुढे रामसेवकची सीमेवर बदली झाली. जाण्याआधी त्याने सगळ्या गार्डला गुणगुणायला शिकवलं. हिवाळ्यात त्याच्या पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला. रामसेवक गेला.

परेड ग्राउंडवर आम्ही मौन पाळलं. टाचा जुळलेल्या, ओठ मिटलेले. पलीकडच्या शेडमधून आवाज आला : ‘म्म्म.’ कोणी हललं नाही. जरा थांबून पुन्हा, मोठ्याने : ‘म्म्म.’

मौन अजून संपायचं होतं. सुभेदार मेजर साहेबच मोठ्याने बोलून गेले, “अरे, कोई तो जवाब दो इसे!”