नाक उघडेपर्यंत

आमच्या चामोर्शीच्या बाजूला धान निसवायला लागलं की माझं नाक बंद होतं. लोंब्यांवर बारीक पांढरट फुलोरा धरतो, रस्त्याच्या कडेचं गाजरगवत कमरेएवढं वाढून फुलतं, आणि मी सकाळी डोळे उघडतो तो शिंकतच. भादव्यात सुरू झालेलं हे दुखणं धान कापून, बांधून, खळ्यावर येऊन गेलं तरी रेंगाळतं. पौषात कधीतरी सुटका होते. म्हणजे वर्षातले चार-साडेचार महिने मला नाक असून नसतं. भाजी करपली तरी कळत नाही.

माझी बायको धानोऱ्याची, जंगलाकडची. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात माझ्या शिंका ऐकून ती आधी हसली आणि मग वैतागली. तिच्या माहेरी कोणी घराबाहेर पडताना शिंक आली, तर पडणाऱ्यानं मागे फिरायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा बसायचं आणि मग निघायचं. माझ्या शिंका तर थांबत नसत. "अजी, पुरे करा ना आता," ती म्हणायची. "तुमच्यापायी अर्धा मोहल्ला पाणी पिऊन बसला असन घरात."

उपायही तीच करायची. संध्याकाळी पातेल्यात पाणी उकळायचं, तळहातावर ओवा चोळून टाकायचा, माझ्या डोक्यावर टॉवेल घालायचा आणि मान धरून वाफेवर वाकवायचं. ओवा आणि कापूर फडक्यात बांधून पुरचुंडी द्यायची, हुंगायला. थंडी पडली की हे सगळं ती तिच्या मेंदी रंगाच्या स्वेटरमध्ये करायची. हात पुसायला तिला पदर लागत नसे, स्वेटर चालायचा. मी गोळी घ्यायचो ती वेगळीच. गोळीनं नाक थांबायचं आणि मीही थांबायचो, ग्रंथालयातल्या टेबलावर डोकं टेकून. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. झोपलेल्या ग्रंथपालाचं कोणाला नवल वाटत नाही, म्हणून निभावलं.

गेल्या फाल्गुनात ती तापानं गेली. तेव्हा माझं नाक उघडं होतं, पण घरात फिनाइलचा, उदबत्तीचा आणि माणसांचा वास होता, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. तिचे कपडे सासूबाईंनी आवरले. साड्या नात्यातल्या बायकांना दिल्या. स्वेटर मात्र आधीच लोखंडी पेटीत गेला होता. थंडी सरल्यावर तिनंच घडी घालून ठेवला होता, पुढच्या थंडीसाठी.

दिवाळीला मुलगी नागपूरहून आली. तिकडे ती शिकते. घरात अंधार नको म्हणून सासूबाईही धानोऱ्याहून येऊन राहिल्या होत्या. पांघरुणं काढायला मुलीनं पेटी उघडली आणि स्वेटर हातात घेऊन ती तिथेच खाली बसली. तोंड त्यात खुपसलेलं.

"बाबा, आईचा वास येते अजून."

मी तो घेतला. तोंडाला लावला. श्वास ओढला तर नाकातून शिट्टीसारखा आवाज आला, बस. लोकर टोचली. मी पुन्हा ओढला. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"आला?"

"हो," मी म्हणालो.

"खोटं नका बोलू. नाक तर पॅक हाये तुमचं."

तिला स्वेटर नागपूरला न्यायचा होता. घालणार होती ती. पण घातला की चार दिवसांत त्याला तिचाच वास लागला असता, हे दोघांनाही कळत होतं आणि म्हणायला दोघांनाही संकोच वाटत होता. शेवटी तीच म्हणाली, "ठेवा तुमच्याजवळ. नाक उघडलं की सांगा. मग मी नेतो." तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधलं आणि ती गेली.

तेव्हापासून मला एकाच गोष्टीची घाई झाली. वासाला मुदत असते. पिशवी कितीही बांधली तरी वास जातच असणार, आणि माझं नाक धान आणि गाजरगवताच्या मर्जीवर बसलं होतं. मला इतका राग कधी आला नव्हता. बायको गेली तेव्हा कोणावर रागवावं हे कळलं नव्हतं. आता कळलं. मी गवतावर रागावलो. घरामागच्या पडीक जागेतलं गाजरगवत तोंडाला रुमाल बांधून उपटलं, आणि त्याचा परिणाम म्हणून डोळे इतके सुजले की पुढचे दोन दिवस वाचता आलं नाही.

त्याच आठवड्यात ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावताना डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. आमच्या शिपायानं हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, मॅडमची आठवण येऊन राह्यली का?"

"नाही. गाजरगवत."

त्यानं मान हलवली. त्याचा विश्वास बसला नाही. फाल्गुनात लोक माझ्याकडे बघत होते तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता, आणि आता गवतापायी माझं दुःख गावभर वाहत होतं. प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवले. कोणी चहा पाजला. मी प्रत्येकाला ॲलर्जी समजावून सांगायचो आणि प्रत्येक जण समजूतदारपणे ऐकून घ्यायचा. त्या समजूतदारपणाचाही मला राग येई.

मी चंद्रपूरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात नळी घालून पाहिलं, नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला आणि वेगळी, झोप न आणणारी गोळी दिली. "स्प्रे रोज मारायचा," ते म्हणाले. "नाकाच्या मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला. आज मारला आणि उद्या वास आला, असं होणार नाही. काही आठवडे लागतील."

"लवकर होण्यासाठी काही?"

"तुम्हाला घाई कसली आहे?"

स्वेटरचं सांगायला तोंड उघडेना. परीक्षा आहेत, असं काहीतरी बोललो. डॉक्टर म्हणाले की मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, पण पाणी उकळून गार केलेलं घ्या. वाफेबद्दल विचारलं तर बरं वाटेल म्हणाले. कापराबद्दल विचारलं तर हसले. "कापरानं नाक उघडत नाही हो. उघडल्यासारखं वाटतं."

पण मला उघडल्यासारखं वाटणंही हवं होतं. सासूबाईंनी वाफ आणि पुरचुंडी पुन्हा सुरू केली, लेकीसारखीच मान धरून. गावात माझ्या नाकाची बातमी फुटली होती, त्यामुळे सल्ले घरपोच येऊ लागले. कोणी तुळस-आलं-गुळाचा काढा सांगितला. तो मी पीत राहिलो, घसा तेवढा शेकला. कोणी संध्याकाळी नाकाला साजूक तूप लावायला सांगितलं, तेही लावलं. एकानं निलगिरीचं तेल आणून दिलं. सासूबाईंच्या गावचा एक मनुष्य जंगलातला मध घेऊन आला आणि म्हणाला, "सर, ज्या फुलानं तरास, त्याच फुलाचा मध. काट्यानं काटा." मी दोन बोटं चाटली. मध उत्तम होता. पण मधमाशी बसते ती मोहा-करंजाच्या फुलावर, आणि माझा शत्रू वाऱ्यावर येतो, माशीच्या पायाला लागून नाही. हे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "बुकं लई वाचता तुम्ही," आणि उरलेला मध सासूबाईंच्या हाती देऊन गेला.

स्प्रे आधी मी नियमानं मारत नव्हतो. दोन दिवस मारायचा, वास येत नाही म्हणून चिडून सोडायचा, पुन्हा धरायचा. मुलगी फोनवर ओरडली तेव्हा कुठे रोजचा झाला.

आणि रोज संध्याकाळी मी पिशवी सोडायचो. तेवढंच. वाफ घेऊन झाली की नाक जरा मोकळं वाटायचं, ती वेळ साधायची म्हणून ओल्या तोंडानंच आत जायचो, स्वेटर छातीच्या बाजूनं चेहऱ्यावर दाबायचो आणि ओढून बघायचो. काही नाही. कधी निलगिरी लावून बघायचो, कधी पुरचुंडी हुंगून. मग घाईघाईनं पिशवी बांधायचो. रोज उघडून आपण वास घालवतो आहोत हे कळायचं, तरी उघडायचो.

मार्गशीर्ष गेला. खळी झाली. गाजरगवत वाळून काळं पडलं. सासूबाईंनी धानोऱ्याला परत जायचं ठरवलं. त्यांचं तिकडे घर होतं, कोंबड्या होत्या. निघायच्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात होत्या आणि मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो, तेव्हा जवस भाजल्याचा वास आला.

आधी कळलंच नाही की वास आला. जवस भाजताहेत असं नुसतं डोक्यात आलं. मग मी पेपर टाकून उठलो.

पिशवी सोडली. स्वेटर काढला, चेहऱ्यावर धरला आणि डोळे मिटून श्वास ओढला. श्वास आरपार आत गेला.

ओवा. कापूर. निलगिरी. आणि खवट झालेलं तूप.

मी पुन्हा ओढला. तेच. छातीचा सगळा भाग माझ्या औषधांनी माखला होता. ज्या नाकासाठी एवढं केलं, त्याच नाकाला लावलेलं सगळं मी रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं तिच्या स्वेटरला पुसत आलो होतो. मी तो पलंगावर फेकला. पुरचुंडी दिसली, ती उचलून खिडकीबाहेर फेकली. इतकं मूर्ख मला कोणत्याही परीक्षेत वाटलं नव्हतं.

सासूबाई कढईतला झारा हातात घेऊनच आल्या. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी स्वेटर उचलून नाकाला लावला.

"ओवा अन् कापूर," त्या म्हणाल्या. "हाच त होता तिचा वास. तुमचीच वाफ तर करत होती थंडीभर."

"हा माझा आहे. तिचा नाही."

"तुमचा अन् तिचा, येगळा करून का करता आता, जवाईबापू?"

मला ते पटलं नाही. समजूत काढणाऱ्या माणसांचं बोलणं मला त्या वर्षात एकदाही पटलं नव्हतं. मी मुलीला फोन लावला.

"नाक उघडलं?" ती लगेच म्हणाली.

"तू दिवाळीत हुंगला होतास ना, तेव्हा वास कसा होता? नीट आठवून सांग."

"आईचा."

"म्हणजे कसा?"

वास शब्दांत सांगायला मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो. "ओवा होता," ती सावकाश म्हणाली. "कापूर, जरासा. अन् डोक्याचं तेल, आजीच्या हातचं. कॉलरले. मी कॉलरच धरली होती न तोंडावर. तुम्ही कुठी हुंगून राह्यले?"

मी कुठे हुंगत होतो ते तिला सांगितलं नाही. ओवा आणि कापूर तिनं माझ्या आधीच हुंगला होता. म्हणजे आता त्या स्वेटरमधला ओवा कितीसा तिचा आणि कितीसा माझा, हे कोणाचंच नाक सांगू शकणार नव्हतं. पण तेल माझं नव्हतं. मी डोक्याला तेल लावत नाही.

दरम्यान सासूबाई तयार झाल्या होत्या. डबा भरून ठेवला होता, पिशवी खांद्याला होती. "येतो जी," त्यांनी दारातून हाक दिली. "चटणी बरणीत भरली. बस निघून जाईन."

मी स्वेटर उलटा करून कॉलर नाकाशी आणली. लोकर तिथे दबून चपटी झाली होती. अगदी हळू श्वास घेतला.

माका. तिळाच्या तेलात उकळलेला, जरासा करपलेला माका. त्याखाली केस. उन्हात वाळवत बसायची तेव्हाचे.

दुसरा श्वास घ्यायला गेलो आणि लोकरीचा तंतू की काय नाकात गेला. शिंक आली, इतकी जोरात की खिडकीची काच थरारली. मागोमाग दुसरी. मग तिसरी. नाक भरून वाहू लागलं, आणि डोळेही. कॉलर पुन्हा लावून बघितली. काहीच नाही. नाक पुन्हा बंद.

बाहेर अंगणातली पावलं थांबली होती. मग परत आली. सासूबाईंनी पिशवी खांद्यावरून उतरवली, माठातलं घोटभर पाणी घेतलं आणि खुर्चीत बसल्या.

"आताच शिंका लागत होत्या काय तुमाले? गेली न बस."

मी त्यांच्यापुढे कॉलर धरली. त्या बराच वेळ नाक लावून बसल्या. पदरानं डोळे पुसले. त्यांना ॲलर्जी नाही.

"तेल माझं हाये," त्या म्हणाल्या. "यंदा नाई केलं मी."

मी स्प्रे शोधायला उठलो. त्या सकाळी तो मारायचा राहिला होता.