सरांचा नायट्रोजन

"ओढा!"

दोन्ही हातांची तीन-तीन बोटं एकमेकांत अडकवून सर समोर धरायचे. समोर विद्यार्थी असो नाहीतर होटगीच्या गाडीतला अनोळखी प्रवासी, त्याने ती सोडवून दाखवायची. सुटली नाहीत की सर खूष. "असा असतो बघा नायट्रोजन. लई चिवट."

ज्याच्या ध्यासापायी दुसऱ्यांचे रविवार जातात, असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि माझे रविवार सरांनी खाल्ले.

नायट्रोजनचे अणू तीन बंधांनी एकमेकांत अडकून जोडीने राहतात. तापल्या लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटले की ती जोडी तुटते आणि हायड्रोजनशी मिळून अमोनिया होतो. खतांचे कारखाने हे प्रचंड दाबाखाली करतात. सरांना ते आमच्या काचेच्या नळीत, चिमूटभर लोखंडाच्या भुकटीवर करायचं होतं. नळीच्या तोंडाशी ओला लाल लिटमस कागद धरायचा. अमोनियाने तो निळा झाला की जिंकलो. तो मेला कधी होत नसे.

"सर, कशाला हा खटाटोप?" एकदा मी वैतागून विचारलं. घरी पाहुणे जेवायला यायचे होते.

"बाई, तीस वर्षं हे पुस्तकातनं शिकवलं. रिटायर व्हायच्या आधी एकदा बघू तरी द्या की."

 मी बर्नर पेटवला.

आणि त्याच रविवारी कागद निळा झाला! सर अक्षरशः नाचले. सोमवारी प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना पेढे.

मंगळवारी बाटल्या विसळताना मला चूक सापडली. आम्ही नायट्रोजन तयार करायचो तो नवसागरापासून, त्यात मुळातच थोडा अमोनिया यायचा. तो अडवायला वाटेत आम्लाची बाटली असे. ती बाटली कोरडी ठणठणीत होती. पाहुण्यांच्या घाईत आम्ल घालायचं मीच विसरले होते.

दोन तास स्वतःशी भांडले आणि सरांना सांगितलं.

सरांनी ती कोरडी बाटली उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे तो अमोनिया आपला न्हवता. बरं केलंत सांगितलंत." उठले आणि पेढा खाल्लेल्या प्रत्येकाकडे गेले. "रविवारचं खोटं होतं. बाटली तपासायची माझी राहिली." माझं नाव एकदाही घेतलं नाही.

"पेढा तर खरा व्हता की, सर," शिपाई म्हणाला. सर हसले. मला मात्र रडू आलं.

निवृत्तीच्या दिवशी, समारंभाच्या आधी, शेवटचा प्रयोग. आम्ल मी तीनदा तपासलं. हॉलमध्ये लोक जमले, तरी कागद लाल.

"सर, अजून थोडं थांबू या," मी म्हणाले. मी!

"नको बाई. लोकं ताटकळलीत." त्यांनी बर्नर विझवला, नोंदवहीत तारीख घालून 'लाल' लिहिलं, खाली सही केली आणि हात धुऊन गेले.

त्या नायट्रोजनचा मला असा संताप आला! एकदाच तुटला असता तर काय बिघडलं असतं?

हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. मी बर्नर पुन्हा पेटवला आणि नवा कागद ओला केला.