डाकोटातली जागा

माझा नातू मोबाइल आभाळाकडे धरतो आणि वरून चाललेल्या विमानाचा सगळा ठावठिकाणा सांगतो. पांढरकवड्याच्या आमच्या गच्चीवर आम्ही बसलेलो असतो, वर एक पांढरी रेघ सरकत असते, आणि हा म्हणतो, "दादी, थे दिल्लीहून बंगलोरले चाललं." मी म्हणते, जाऊ दे. ज्याचा धड आवाजही खाली येत नाही ते कसलं विमान? मी डाकोटा पाहिलेली बाई आहे. या रेघोट्यांचं कौतुक मला कुणी सांगू नये.

माझे वडील नागपूरच्या विमानतळावर हमाल होते. वडिलांना आम्ही 'बा' म्हणायचो आणि आईला 'याडी'. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली, पण इथं सगळ्यांना कळावं म्हणून बोलणं वऱ्हाडीत लिहिते. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सगळा मुलूख पालथा घातला. बा विमानाच्या पोटात टपालाच्या थैल्या लादायचा. त्याला त्यात फारसा फरक वाटत नसे. "माल चढवायचा, माल उतरवायचा. जनावर तेवढं बदललं," असं म्हणून तो बिडी पेटवायचा, अर्थात विमानापासून लांब जाऊन.

याडी आणि आम्ही पोरं पांढरकवड्याजवळ, केळापूरकडच्या आमच्या तांड्यावर राहायचो, शेती बघायचो. शाळेला सुट्टी लागली की मी बाच्या नागपूरच्या खोलीवर जाई आणि दिवसभर विमानतळाच्या तारेच्या कुंपणाशी उभी राही. तेव्हा नागपूर म्हणजे हवेतला चौरस्ताच होता. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास, कुठून कुठून विमानं यायची. डाकोटा जमिनीवर शेपूट टेकून, नाक वर करून बसे, दारातलं कुत्रं बसतं तसं. सुरू व्हायला त्याची फार कुरकुर. आधी एक पंखा दोनचार गिरक्या घेई, मग मोठा खोकला, मग भसकन निळा धूर, आणि मग दुसऱ्या पंख्याची तीच तऱ्हा. पुढं चार पंख्यांचं व्हायकाउंट आलं. लोक त्याच्या मोठाल्या खिडक्या बघून हरखून जायचे. मला ते कधीच आवडलं नाही. फार शिष्ट विमान.

मी पंधरा-सोळा वर्षांची असेन, त्या श्रावणात हैदराबादहून मामाची तार आली. मामा तिकडं गवंडीकाम करायचा आणि नानी, म्हणजे याडीची आई, त्याच्याकडं राहायची. नानी तापानं दवाखान्यात आहे, सारखी लेकीला हाका मारते आहे, ताबडतोब या. आता हैदराबादचा रस्ता आमच्या दारावरून जातो, एरवी याडी मिळेल त्या ट्रकमध्ये बसली असती. पण पैनगंगेला पूर आला होता आणि पूल पाण्याखाली होता. ट्रकांची रांग मागं पांढरकवड्याच्या दिशेनं वाढत चालली होती. रेल्वेचंही काही खरं नव्हतं. त्या रात्री याडीनं भाकरीला हात लावला नाही.

बाला नोकरीत घरच्या माणसासाठी विमानाचा फुकट पास मिळायचा. तो त्यानं कधी वापरला नव्हता, कारण जायचं कुठं? पासाला एकच अट होती: विमानात जागा उरली तरच बसायचं. मामानं बालाही तार केली होती; बानं त्याच रात्री एका ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला, याडीला घेऊन या. नागपूरचा रस्ता सुदैवानं चालू होता.

आता आमच्यात बाई लांबच्या वाटेला निघाली की तिला मुकाट्यानं निरोप देत नाहीत. गळ्यात गळे घालून सुरात रडायचं. त्याला ढावलो म्हणतात. त्यात शब्द असतात, चाल असते, एकीनं सोडलं की दुसरीनं उचलायचं असतं. त्यामुळं याडीबरोबर माझी काकी आणि तांड्यातल्या पाच-सहा बायाही ट्रकमध्ये चढल्या. सगळ्या फेटिया-कांचळी, म्हणजे आमचे घागरे-चोळ्या घालून, आरशांनी लखलखत, हातभर बांगड्या. विमानतळावर आम्ही उतरलो तेव्हा बाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तिकिटाच्या खिडकीवरचे साहेब भले होते, पण त्यांनी मान हलवली. "जागा नाही बाई. रस्ता बंद, त्यामुळे सगळेच आज विमानानं निघालेत."

"मंग मी पाण्यातून जातो," याडी म्हणाली आणि गाठोडं उचलून खरंच निघाली. बानं तिला कसंबसं थांबवलं. ती कुंपणापाशी त्या गाठोड्यावर बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. नानी गेली आणि ही पोचली नाही तर हिचं काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात प्रवासी विमानाकडं चालू लागले. ते बघून काकीनं याडीच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. बाकीच्यांनी उचलला. काय आवाज होते त्या बायांचे! शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणारे.

बा धावत आला. "अवो, गप बसा ना! तिले अजून जागाच भेटली नाही, रडता कायले?"

काकीनं तेवढ्यापुरतं रडं थांबवलं. "मंग विमान उडून गेल्यावर रडाव का?" असं ठणकावून तिनं पुढची ओळ धरली. बा दोन पावलं मागं सरला आणि या बाया आपल्या कोणी नाहीत असा चेहरा करून उभा राहिला.

शिडीच्या पायथ्याशी एक गलेलठ्ठ शेठ थबकले होते. त्यांनी बायांकडं पाहिलं, बाया ज्या विमानाकडं बघून रडत होत्या त्या विमानाकडं पाहिलं, आणि तरातरा मागं आले.

"क्या हुआ है?"

"कुछ नहीं सेठजी," साहेब म्हणाले. "इन लोगों का रिवाज है."

"रिवाज? ठीक मेरे चढ़ने के टाइम?" शेठनी कपाळाचा घाम पुसला. "मेरा सामान उतारो."

साहेबांनी खूप समजावलं. शेठ ऐकेनात. त्यांची ट्रंक उतरवायला गेला कोण, तर आमचा बा. ओठ घट्ट आवळून त्यानं ती इतक्या अदबीनं आणली की शेठनी उलट त्याचे आभार मानले. मला हसू आवरेना, आणि बाया तर रडतच होत्या.

"चला बाई, लवकर," साहेबांनी याडीला बोलावलं. त्या काळी विमानात बसण्याआधी माणसाचंही वजन करायचे. काटा बघून साहेब म्हणाले, थोडी चांदी उतरवता का? याडी म्हणाली, "चांदी नाही उतरत. उतरवाची तं मलेच उतरवा." मग त्यांनी नाद सोडला. ढावलो अर्धा टाकून याडी अशी पळाली की शिडी कधी चढली ते कळलंच नाही. पंखे खोकले, धूर झाला, डाकोटा धावत जाऊन दक्षिणेला उडालं. मी तोंडाला पदर लावून रडले, बेसूर.

आतली हकीकत याडीनं पुढं किती वेळा तरी सांगितली. हवाईसुंदरीनं सगळ्यांपुढं पेपरमिंट आणि कापूस ठेवलेलं ताट धरलं. कापूस कानात घालायचा असतो हे तिला काय ठाऊक? आयुष्यभर कापूस वेचलेली बाई, तिनं बोटांत धरून आधी त्याचा धागा ओढून बघितला. मग विमानात बसल्यावर देवापुढं दिवा लावायची पद्धत असेल असं समजून छानशी वात वळली आणि हवाईसुंदरीला हाक मारली, "बाई, तेल आना." त्या पोरीचा चेहरा याडी हुबेहूब करून दाखवायची.

ती पोचली तेव्हा नानी तापानं फणफणलेली होती. डोळे उघडून तिनं लेकीला पाहिलं आणि पुटपुटली, "रस्ता तं बंद हाय. तू कशी येशील?" आणि पुन्हा डोळे मिटले. याडी रात्रंदिवस उशाशी बसली. हळूहळू ताप उतरला, नानी उठून पेज प्यायला लागली. सगळे खूश झाले. पण नानीच्या मनानं एक घेतलं ते घेतलंच: लेक तापात दिसली तो भास होता, खरी लेक पूर ओसरल्यावर मागून आली.

"विमानानं आली म्हणते. आपल्यासारख्याले विमानात कोण बसवते?" असं ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची. "हाका मारून मारून थकली मी. थे आली, पर उशिरा आली."

याडीला हे फार लागलं. मामानं सांगून पाहिलं, डॉक्टरनं सांगितलं, नानी ऐकून हसायची, लेकीची बाजू घेतात म्हणून. शेवटी नानीला प्रवास झेपेल असं झालं तेव्हा याडी तिला बसनं घेऊन निघाली. पांढरकवड्याला न उतरता तिनं तिला थेट नागपूरला विमानतळावर आणलं. याडीला पोचवायला आले तेव्हापासून मी बाच्या खोलीवरच होते.

खिडकीवरचे साहेब याडीला बघताच खुर्चीवरून उठले. "अहो, तेल मागणाऱ्या बाई!" हवाईसुंदरीनं ते सगळ्यांना सांगितलं होतं. मग त्यांनी नानीला शेठची गोष्ट अशी रंगवून सांगितली की मागं रांगेतले लोकही हसायला लागले. बानं कुंपणापलीकडचं डाकोटा दाखवलं. याच विमानानं ती गेली, तार आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

नानी हसली नाही. काठी टेकत ती तारेपर्यंत गेली. डाकोटाचे पंखे फिरायला लागले तशी ती दचकून मागं झाली आणि तिनं याडीचा हात पकडला.

"म्हंजे तापात दिसली थे तूच व्हय?"

"मीच."

"याच्यात बसून आली? भेव नाही लागलं तुले?"

"लागलं ना. लय लागलं."

"मंग बसली कायले?"

"तू हाका मारून राह्यलती ना, याडी."

नानीनं तिला जवळ ओढलं. इंजिनांच्या आवाजात दोघींचं पुढचं काही मला ऐकू आलं नाही, पण विमान उडून गेल्यावरही त्या तशाच उभ्या होत्या.